बर्लिनची भिंत १:७२, अपडेट चौथा: छत्तीस तुकडे उभे राहिले

मंडळी, मागच्या अपडेटनंतर जवळपास तीन महिने गेले. मधे पावसाळा होता, आणि पावसात आमच्या घरात ओतकाम काही केल्या सुकत नाही, त्यामुळे सगळंच अडकून पडलं होतं. आता मात्र सांगण्यासारखं बरंच जमलंय.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. बर्लिनच्या भिंतीचं हे १:७२ मापाचं मॉडेल, म्हणजे प्रत्येक माप खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं. एकूण तीन बोर्ड आहेत, प्रत्येक ६० बाय ६० सेंटिमीटर, १२ एमएम प्लायवर. तिन्ही बोर्ड एकाच रस्त्याचे, बर्नाउअर स्ट्रासेचे. पहिला ऑगस्ट १९६१, दुसरा १९८६ आणि तिसरा जून १९९०. हाच रस्ता का घेतला, तर इथे दक्षिणेकडची घरं पूर्व बर्लिनमध्ये आणि त्याच घरांसमोरचा फूटपाथ पश्चिम बर्लिनमध्ये. म्हणजे घराचं दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की तुम्ही दुसऱ्या जगात, आणि १३ ऑगस्ट १९६१ च्या रविवारी लोक सकाळी उठले तर शहरभर काटेरी तारा पसरलेल्या. १९४९ पासून सुमारे २७ लाख लोक पूर्व जर्मनी सोडून गेले होते, त्यात शिकलेले, कमावते तरुण खूप, ती गळती थांबवायला हे सगळं. आणि दोनच महिन्यांपूर्वी, १५ जूनला, पूर्व जर्मनीचा प्रमुख नेता वाल्टर उल्ब्रिश्टने पत्रकारांसमोर सांगितलं होतं की भिंत बांधायचा कुणाचाही इरादा नाही.

पहिला बोर्ड पूर्ण झाला. घरांचे दर्शनी भाग सनबोर्डचे, त्यावर कटरने विटा कोरल्या. खिडक्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण तिथे खालच्या मजल्यापासून एकेक खिडकी विटांनी बुजवत नेली होती, आणि घाईत केलेलं ते बांधकाम आहे हे दिसायला हवं होतं. सरळ ओळीत विटा कोरल्या की ते नवीन घर वाटतं. शेवटी सनबोर्डचे बारीक चौकोनी तुकडे कापून एकेक चिमट्याने लावले, थोडे वाकडे, मधे फेव्हिकॉलमध्ये मार्बल पावडर कालवून ते सिमेंट ओघळल्यासारखं सोडून दिलं. एका खिडकीला चाळीस मिनिटं लागतात. अशा अकरा खिडक्या झाल्या.

४८ नंबरच्या घराची तिसऱ्या मजल्याची एक खिडकी मात्र उघडी ठेवलीय. इडा झीकमान तिथे राहायची. २२ ऑगस्टला सकाळी तिने आधी गाद्या-पांघरुणं खाली टाकली आणि मग स्वतः उडी मारली, हॉस्पिटलला नेतानाच गेली, दुसऱ्या दिवशी तिचा एकोणसाठावा वाढदिवस होता. भिंतीपायी गेलेलं हे पहिलं माणूस. मी तिचा पुतळा केलेला नाही, करावासाही वाटला नाही. फूटपाथवर टिश्यू पेपरची एक गादी आहे, फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून घड्या पाडलेली, तेवढंच.

आता दुसरा बोर्ड, ज्याची सगळ्यांना उत्सुकता होती. सुरुवातीला तारा, मग सिमेंटचे ब्लॉक, असं करत करत १९७५ पासून जी शेवटची आवृत्ती आली, जी आपण फोटोत नेहमी बघतो, ती एल आकाराच्या तयार तुकड्यांची. एक तुकडा ३.६ मीटर उंच, १.२ मीटर रुंद, वजन सुमारे पावणेतीन टन. १:७२ मध्ये उंची बरोब्बर ५० एमएम येते, रुंदी १६.७ एमएम. म्हणजे ६० सेंटिमीटरच्या बोर्डवर ३६ तुकडे, आणि खऱ्या मापात ते होतात ४३ मीटर. पूर्व आणि पश्चिम बर्लिनच्या मधली भिंत ४३ किलोमीटर होती (पश्चिम बर्लिनला पडलेला पूर्ण वेढा १५५ किलोमीटरचा). म्हणजे माझ्या टेबलावर तिचा एक हजारांश भाग आहे. हे गणित ज्या रात्री लक्षात आलं त्या रात्री मी बराच वेळ त्या कोऱ्या प्लायकडे बघत बसलो होतो.

ओतकामाची रेसिपी खूप जणांनी विचारलीय. प्लास्टर ऑफ पॅरिस सोडून द्या, वरची कड दोनच एमएमची आहे, साच्यातून काढताना तुटतेच. मी डेंटल स्टोन वापरला, दातांच्या डॉक्टरांना माल पुरवणाऱ्या दुकानात मिळतो. शंभर ग्रॅमला तीस मिली पाणी, हळू ढवळायचं, आधी सिलिकॉनच्या साच्यात ब्रशने पातळ थर द्यायचा म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत, मग ओतायचं आणि साचा टेबलावर हलका आपटायचा. वरची गोल पाइप म्हणजे कागदी स्ट्रॉ, लांबीत एक चीर देऊन भिंतीच्या माथ्यावर बसवलेली. खऱ्या भिंतीवरही पाइप अशीच चिरून बसवली होती, हाताला पकड मिळू नये म्हणून.

आणि इथे माझी मोठी चूक झाली. एल आकाराचा जो पाय असतो तो मी पश्चिमेकडे करून आठ तुकडे चिकटवले. डोक्यात असं होतं की भिंत म्हणजे बाहेरच्याला अडवायची, आपल्या किल्ल्यांचा तट असतो तशी, आणि तिकडच्या सरकारी भाषेत तिला फॅसिझमविरोधी संरक्षक तटच म्हणायचे. मग पाडकामाच्या वेळचे फोटो बघताना लक्षात आलं की पाय पूर्वेकडे आहे. पूर्वेकडून कुणी ट्रक घेऊन धडक मारायला आला तर त्याची चाकं त्या पायावर चढणार, त्याच्याच वजनाने तुकडा दाबून धरला जाणार आणि भिंत उलटणार नाही. अख्खी रचना आतल्या माणसाला धरून ठेवायची. पुस्तकात हे शंभर वेळा वाचलं होतं पण हातात तो ५० एमएमचा तुकडा उलटा फिरवला तेव्हा पोटात गोळा आला. आठही कटरने सोडवले, त्यात चार तुटले. तुटलेले ठेवून दिलेत, ते खाली येईलच.

पण खरं सांगायचं तर या बोर्डवर भिंत ही फक्त पुढची एक रेघ आहे. बाकी सगळी मोकळी जागा. भिंतीमागे वाळूचा पट्टा, गस्तीचा रस्ता, दिव्यांचे खांब, टेहळणीचा मनोरा (असे ३०२ होते पूर्ण वेढ्यात), मग हात लावला की सूचना जाणारं तारेचं कुंपण, त्यासाठी डासांची जाळी वापरलीय, आणि सगळ्यात मागे आतली भिंत. वाळू चहाच्या गाळणीने चाळली, फेव्हिकॉलवर पसरली आणि ओली असतानाच उवांच्या फणीने एका दिशेत ओढली. ती रेघा-रेघांची वाळू रोज राखली जायची, कुणी पाऊल टाकलं तर उमटावं म्हणून. आपण दिवाळीच्या किल्ल्यावर हिरवळ उगवावी म्हणून हळीव पेरून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत मोठे झालो, आणि इथे काही म्हणजे काही उगवू नये म्हणून तणनाशक मारत होते. मला वाळूच्या त्या पट्ट्यावर काम करताना सगळ्यात जास्त त्रास झाला, कुठे चुकून गवताचा एक तंतू चिकटला तरी चिमट्याने उपटून काढावा लागत होता.

साल १९८६ का, तर या रस्त्यावरचं फेर्झ्योनुंग्सकिर्शे, म्हणजे समेटाचं चर्च, त्या पट्ट्यातच अडकलं होतं, वर्षानुवर्षं कुणाला आत जाता येत नव्हतं, आणि जानेवारी १९८५ मध्ये ते सुरुंग लावून पाडलं. त्यानंतरचा पट्टा दाखवायचा तर तिथे काहीच नाही दाखवायचं.

तिसरा बोर्ड आत्ता कुठे सुरू झालाय. ९ नोव्हेंबर १९८९ ची, भिंत खुली झाली ती संध्याकाळ सगळ्यांना माहितीय, पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचा नेता शाबोव्स्कीने पत्रकार परिषदेत प्रवासाचे नवे नियम वाचले, कधीपासून असं विचारल्यावर कागद चाळत म्हणाला, माझ्या माहितीप्रमाणे लगेच, आणि लोक सीमेवरच्या नाक्यांवर जमायला लागले, साडेअकराच्या सुमारास बॉर्नहोल्मर स्ट्रासेच्या नाक्यावर हाराल्ड येगर नावाच्या अधिकाऱ्याने वरून स्पष्ट हुकूम नसताना फाटक उघडायला लावलं. पण मला ती रात्र नाही करायची. मला १३ जून १९९० नंतरचे दिवस करायचेत, जेव्हा बर्नाउअर स्ट्रासेवरच अधिकृत पाडकाम सुरू झालं.

त्यासाठी नवीन तुकडे ओततोय, कारण हातोडी-छिन्नीने लोकांनी टोचून टोचून जी भगदाडं पाडली होती त्यात आतल्या सळया दिसतात, आणि माझ्या जुन्या तुकड्यांत सळ्याच नाहीत. जुन्या मोटरच्या वाइंडिंगची तांब्याची तार सरळ करून, काळी रंगवून, साच्यात आडव्या-उभ्या ठेवून मग ओतायचं. सहा झाले. पश्चिमेकडच्या बाजूला आधी रंगीत चित्रं काढायची, पूर्वेकडे पांढरं ठेवायचं, आणि मगच फोडायचं, नाहीतर फुटलेल्या कडेला रंग लागतो आणि सगळं खोटं दिसतं. पहिला तुकडा कालच फोडला, घासून धार दिलेल्या स्क्रू ड्रायव्हरने. कपच्या उडाल्या, तारा उघड्या पडल्या, त्यातली एक बाहेरच्या बाजूला वाकली, ती तशीच ठेवलीय.

आणि ते तुटलेले चार तुकडे. खऱ्या भिंतीचा बराचसा भाग नंतर भरडून रस्त्यांच्या कामात खडी म्हणून वापरला. मी आजीचा लोखंडी खलबत्ता काढला, चारही तुकडे त्यात कुटले, आधी ठणठण आवाज येतो आणि मग हळूहळू नुसती करकर. पिठाच्या चाळणीने चाळून एक वाटी खडी निघाली, थोडी मळकट पांढरी. ती तिसऱ्या बोर्डच्या रस्त्यावर पसरलीय, फेव्हिकॉल अजून ओला आहे, उद्या सुकला की फोटो टाकतो.