तालीम कुणाची?

मिरजेला असताना गाण्याला जायचं म्हटलं की आईचा पहिला प्रश्न, "तालीम कुणाची?" गाणाऱ्याचं नाव नंतर. उत्तर पसंत पडलं तर कुकर लवकर लागायचा, नाही तर "तुम्ही जा, मला उद्या लवकर उठायचंय."

ही खोड माझ्याबरोबर लंडनला आली. इथला विगमोर हॉल म्हणजे जेमतेम साडेपाचशे खुर्च्यांचं सभागृह. १९०१ साली बेख्श्टाइन या पियानो कंपनीनं आपल्या दुकानाला लागून बांधलेलं. मोसमाचं वेळापत्रक आलं की मी पेन्सिल घेऊन बसतो. पियानोवादक ढीगभर, आणि माझ्या खिशाला परवडतं महिन्याला एक तिकीट. वाजवणार काय ते बघून ठरवावं, तर संगीतकार शूबर्टचा शेवटचा सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोसाठीची मोठी रचना, दर तिसऱ्याच्या यादीत. मग मी सरळ परिचय उघडतो आणि शिकला कुणाकडे ते शोधतो.

तिकडेही घराणी आहेतच. बेथोव्हननं चेर्नीला शिकवलं, चेर्नीनं लेशेटिझ्कीला, लेशेटिझ्कीनं व्हिएन्नात श्नाबेलला. बेथोव्हनचे बत्तीसच्या बत्तीस सोनाटे पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केले ते याच श्नाबेलनं. तो पोरांना शिकवायच्या भानगडीत पडत नसे, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या लिऑन फ्लायशरसाठी त्यानं नियम मोडला. पोरगं तेव्हा नऊ-दहा वर्षांचं. अट एकच, जाहीर कार्यक्रम करायचे नाहीत. ही अट वाचली तेव्हा मला हसूच आलं. आपल्याकडच्या कुठल्याही खाँसाहेबांनी हीच घातली असती.

पुढं १९६४च्या सुमारास या फ्लायशरच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप तळव्याकडे वळायला लागली. वय छत्तीस, नाव ऐन भरात. मग तो डाव्या हातासाठीच लिहिलेल्या रचना वाजवू लागला. त्यातली सगळ्यात गाजलेली फ्रेंच संगीतकार रावेलची. ती रावेलनं लिहिली पाउल विट्गेनश्टाइन या पियानोवादकासाठी, ज्याचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता. आणि हा विट्गेनश्टाइन कुणाचा शिष्य? लेशेटिझ्कीचाच! म्हणजे चुलतगुरूची इस्टेट अशी फिरून पुतण्याकडे आली. वाजवून दाखवता येईना म्हणून फ्लायशरला विद्यार्थ्यांना सगळं शब्दांत समजवावं लागे, आणि त्यामुळंच आपण बरे शिक्षक झालो असं तो सांगायचा. नव्वदीच्या दशकात बोटॉक्सच्या सुया घेऊन उजवा हात पुष्कळसा परत मिळाला. सुरकुत्यांवरच्या त्या औषधाबद्दल तेव्हापासून मी वाईट बोलत नाही.

एवढी वंशावळ पाठ करून माझी निवड बरोबर येते का? छे. एका थोर गुरूच्या शिष्याला ऐकायला मी भर पावसात गेलो होतो. नाव घेत नाही. स्वर सगळे जागच्या जागी, आणि मी मध्यंतराची वाट बघत बसलेला. फोनवर आईला म्हटलं, यांच्यात गुरूसारखं वाजवणं हा गुणच धरत नाहीत. फ्लायशर आणि इंग्रज पियानोवादक क्लिफर्ड कर्झन, दोघं श्नाबेलचे शिष्य, पण एकासारखा दुसरा नाही. आई म्हणाली, "मग भीमसेन आणि गंगूबाई कुणाचे रे? एकाच सवाई गंधर्वांचे ना?" विषय मिटला.

मागच्या उन्हाळ्यात ती इथं आली होती. परत जायच्या आधीच्या रविवारी सकाळी जो कार्यक्रम होता त्याचंच तिकीट काढलं. परिचय बघायला सवड नव्हती. "तालीम कुणाची?" तिनं गाडीत विचारलंच. "चांगली आहे," मी ठोकून दिलं.

जागा डावीकडच्या घेतल्या होत्या, तिथून हात दिसतात. पण आई बघत होती वाजवणारीच्या पायाकडे. टाच जमिनीला टेकलेली, आणि पेडलवरचा चवडा धड वर नाही, धड खाली नाही, मध्येच कुठंतरी तरंगत होता. संथ भाग आला तसे आईनं डोळे मिटले. मला वाटलं, झोपली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "या पेटीला मींड नाही ना रे? एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायला दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नसतं."

"नसतं."

"मग मला ऐकू कशी आली?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. भुयारी रेल्वेत बसल्यावर मी कार्यक्रमपत्रिका काढली. श्नाबेल नाही, लेशेटिझ्की नाही. ती मूळची जिथली त्या गावातल्या एका बाईंचं नाव होतं फक्त, आणि पुढं कॉलेज.

"काय नाव?" आईनं विचारलं.

मी वाचलं.

"परत वाच."

परत वाचलं. उच्चार दोन्ही वेळा वेगळा झाला.