जपानहून मागवलेली कार्ट्रिज आणि सीमाशुल्कात अडकलेले पार्सल : माझा अनुभव

निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या, दोन पडद्यांच्या कन्सोलवरचा (गेम चालवण्याच्या यंत्रावरचा) ‘जंप अल्टिमेट स्टार्स’ हा गेम जपानहून मागवताना मला जो मनस्ताप झाला, त्यातला बराचसा टाळता येण्यासारखा होता. तो कसा टाळावा हे कोणी आधी सांगितले असते, तर मी हे लिहायला बसलोच नसतो. २०२३ सालातली ही गोष्ट आहे. राग पुष्कळसा ओसरला आहे. पण पार्सल अडवणाऱ्या त्या कार्यालयाचे नाव निघाले की कपाळावर आठी उमटतेच, म्हणून नाव घेत नाही.

हाच गेम का, हे थोडक्यात सांगतो. २००६च्या नोव्हेंबरमध्ये तो फक्त जपानमध्ये आला. ‘शोनेन जंप’ या जपानी मासिक-परिवारातल्या ४१ मंगा (जपानी चित्रकथा) मालिकांमधली तीनशेहून अधिक पात्रे त्यात आहेत, गोकू, लुफी, नारुतो आणि इचिगो एकाच छोट्या पडद्यावर एकमेकांशी भिडतात. खालच्या स्पर्शपटलावर पाच गुणिले चार अशा वीस चौकटींचे पान असते आणि त्यात मंगाची चित्रे बसवून आपला संघ जुळवायचा असतो. एका चौकटीचे चित्र नुसती मदत करते, दोन-तीन चौकटींचे पात्र क्षणभर येऊन वार करून जाते आणि चार ते आठ चौकटी अडवणारे पात्र आपण स्वतः खेळवतो. कोणाला किती जागा द्यायची, हा हिशेब मला प्रत्यक्ष मारामारीपेक्षाही जास्त रमवतो. इतक्या मालिकांचे हक्क प्रत्येक देशात वेगवेगळ्या प्रकाशकांकडे असताना असा गेम जपानबाहेर काढणे किती अवघड, हे कोणाच्याही लक्षात येईल. तो अधिकृतपणे डाउनलोड करून विकत घेण्याची सोय नाही, त्यामुळे जुनी कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमध्ये घालायची गेमची छोटी वडी, शोधणे एवढाच मार्ग उरतो. अर्थात, डाउनलोडची सोय असली म्हणजे गेम कायमचा मिळत राहतो असेही नाही. २०१९ साली आलेल्या, ‘जंप’च्याच पात्रांच्या ‘जंप फोर्स’ या गेमची डिजिटल विक्री २०२२च्या फेब्रुवारीत बंद झाली आणि ऑगस्टमध्ये त्याची ऑनलाइन सेवाही थांबली. ॲनिमेवर (जपानी ॲनिमेशनवर) आधारलेल्या गेमच्या बाबतीत म्हणूनच मी शक्यतो कार्ट्रिज किंवा डिस्क घेतो.

जपानी विक्रेता परदेशी माल पाठवत नव्हता, म्हणून मी तिथल्या एका मध्यस्थ कंपनीमार्फत खरेदी केली. पैसे भरणे, कार्ट्रिज त्यांच्या गोदामात पोहोचणे, तिचा फोटो येणे आणि ईएमएस या आंतरराष्ट्रीय जलद टपालाने पार्सल निघणे, यात काहीच अडले नाही. भारतात विमान उतरल्याची नोंदही झाली. त्यानंतर माग काढण्याच्या पानावर ‘सीमाशुल्काने रोखून ठेवले’ एवढे एकच वाक्य दिसू लागले आणि ते हलेना.

सीमाशुल्क भरायला माझी ना नव्हती, हे आधीच सांगतो. टपालाने स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या वस्तूंवर त्या वेळी मूळ सीमाशुल्क ३५ टक्के, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्यासह होणाऱ्या रकमेवर २८ टक्के आयजीएसटी, अशी आकारणी होती. म्हणजे १००० रुपयांच्या वस्तूवर ७७२ रुपये ८० पैसे. दर बदलत राहतात, त्यामुळे मागवण्याआधी चालू दर पाहून घ्यावा. पण हा खर्च मी आरंभापासूनच धरला होता. पार्सल अडकले ते पैशांसाठी नव्हे.

काही काळाने टपालाने एक छापील पत्र आले. पार्सलमध्ये खेळणे असल्याचे घोषित केलेले आहे, तरी भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र सादर करावे, अन्यथा पार्सल परत पाठवण्यात येईल, असा त्याचा आशय होता. मध्यस्थ कंपनीच्या यंत्रणेने घोषणापत्रात वस्तूचे वर्णन आपोआप ‘वापरलेले खेळणे’ असे भरले होते आणि ते बदलण्याची संधी मला कुठल्याच टप्प्यावर दिलेली नव्हती. खेळण्यांच्या गुणवत्तेबाबतचा केंद्र सरकारचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि त्यानुसार खेळण्यांवर आयएसआय चिन्ह लागते. मुलांच्या तोंडात जाणारे रंग आणि सुटे भाग तपासले जावेत, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण सतरा वर्षांपूर्वी जपानमध्ये विकल्या गेलेल्या, टपाल तिकिटापेक्षा थोड्या मोठ्या कार्ट्रिजचे प्रमाणपत्र एखाद्या ग्राहकाने आणायचे तरी कुठून? ते अस्तित्वातच नाही. ॲनिमेतल्या पात्रांच्या मूर्ती मागवणाऱ्यांना हाच अनुभव येतो, हे मला नंतर कळले.

पत्रावर दूरध्वनी क्रमांक होता. तो उचलला जात नसे आणि कधी उचललाच, तर ‘संबंधित साहेब जागेवर नाहीत’ हे उत्तर ठरलेले असे. टपाल खाते सांगे की पार्सल सीमाशुल्काच्या ताब्यात आहे. सीमाशुल्कातून सांगितले जाई की टपाल खात्याकडे विचारा. ईमेलला उत्तर येत नव्हते. नाशिकहून सुट्टी काढून मी स्वतः त्या कार्यालयात गेलो, तेव्हा खिडकीवरच्या गृहस्थांनी माझे म्हणणे ऐकण्याआधीच ‘मुलांच्या वस्तू बाहेरून कशाला मागवता?’ असा प्रश्न केला. मी चाळिशीचा आहे आणि तो गेम माझ्यासाठीच आहे, हे त्यांना पटवून देण्यात माझा निम्मा वेळ गेला. अखेर ‘लेखी द्या’ एवढे सांगून त्यांनी खिडकी सोडली. नियमाचा मला राग नाही. आपल्यासमोर नेमकी कोणती वस्तू आहे हे पाहण्याची तसदी कोणीच घेत नव्हते, याचा राग आहे.

मी जे लेखी दिले, ते इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगतो. त्या आदेशात खेळण्याची व्याख्या चौदा वर्षांखालील मुलांनी खेळण्यासाठी बनवलेली वस्तू अशी केलेली आहे. त्या व्याख्येचा संदर्भ देऊन मी लिहिले की पार्सलमधली वस्तू ही गेमची माहिती साठवलेली इलेक्ट्रॉनिक कार्ट्रिज आहे, ती कन्सोलमध्ये घातल्याशिवाय तिच्याशी कोणत्याही वयाच्या माणसाला खेळता येत नाही, एकच नग आहे आणि तो विक्रीसाठी नाही. सोबत पैसे भरल्याची पावती, विक्रेत्याच्या पानाची छापील प्रत आणि तिच्या मजकुराचे इंग्रजी भाषांतर, गोदामातला फोटो, ओळखपत्राची प्रत आणि त्यांच्याच पत्राचा क्रमांक जोडला. हे सर्व स्पीड पोस्टने पाठवले आणि पोच जपून ठेवली. तरीही शांतताच होती. शेवटी केंद्र सरकारच्या सार्वजनिक गाऱ्हाण्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि तिला स्पीड पोस्टची पोच जोडली. तिथे मात्र चक्रे फिरली. ‘वर्णनाची फेरतपासणी करून वस्तू मुक्त करण्यात येत आहे’ असे कोरडे उत्तर आले. ते वाचून मी कार्यालयातल्या सहकाऱ्यांना चहा पाजला, हे थोडे अतिच झाले असेल. पोस्टमनने शुल्काची रक्कम आणि टपाल खात्याचा किरकोळ आकार घेऊन पार्सल माझ्या हाती दिले.

तेव्हा मध्यस्थ निवडताना, घोषणापत्रातले वर्णन आपल्याला लिहिता येते का, हे सर्वांत आधी विचारा. त्यांची दलाली किती हा प्रश्न नंतरचा. ‘व्हिडिओ गेम सॉफ्टवेअर कार्ट्रिज, एक नग, वैयक्तिक वापरासाठी’ असे वर्णन खरेही आहे आणि पुरेसेही. ‘भेटवस्तू लिहायला सांगा, शुल्क लागत नाही’ असा सल्ला देणारे अजून भेटतात. तो खोटेपणा तर आहेच, शिवाय पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची सवलत २०१९च्या डिसेंबरमध्ये काढून टाकलेली आहे; राखी आणि जीवरक्षक औषधे एवढेच अपवाद उरले.

खरे तर आधी सांगायला हवे होते ते आता आठवले. गेम मागवण्यापूर्वी आपला कन्सोल तो चालवील का, हे पाहा. डीएसच्या साध्या कार्ट्रिज कोणत्याही देशाच्या डीएसवर आणि त्यानंतर आलेल्या थ्रीडीएस या कन्सोलवरही चालतात. माझा डीएस लाइट (डीएसचीच एक आवृत्ती) अमेरिकेतून आलेला आहे आणि त्यावर हा जपानी गेम पहिल्याच झटक्यात सुरू झाला. थ्रीडीएसच्या स्वतःच्या गेमना मात्र देशाचे कुलूप आहे, त्यामुळे फक्त जपानमध्ये निघालेल्या ‘ड्रॅगन बॉल हीरोज’च्या थ्रीडीएसवरील आवृत्त्या जपानी थ्रीडीएसशिवाय व्यर्थ आहेत. सोनीचे पीएसपी आणि व्हिटा, तसेच निन्टेन्डोचा स्विच या कन्सोलच्या गेमना असे कुलूप नाही. प्लेस्टेशन २ ला आहे. या गेमच्या नकली कार्ट्रिजही बाजारात पुष्कळ फिरतात, तेव्हा विक्रेत्याकडून कार्ट्रिजच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवा आणि दर्शनी चिठ्ठीवर ‘एनटीआर’ने सुरू होऊन ‘जेपीएन’ने संपणारा संकेतांक आहे ना, ते तपासा. आणि ऑनलाइन खेळण्याच्या आशेने हा गेम घेऊ नका. त्याची निन्टेन्डोची सेवा २० मे २०१४ रोजीच बंद झाली. समोरासमोर बसून दोन डीएस जोडता येतात, आणि त्यासाठी मी आता दुसरी कार्ट्रिज मागवली आहे, या वेळी वर्णन स्वतः लिहून.