इंग्रजी पॅसेज सोडवताना पोरं नक्की कुठं अडतात

मी कोल्हापुरात राजारामपुरीत संध्याकाळी अकरावी-बारावीच्या पोरापोरींना इंग्रजी शिकवते, आणि जून आला की पालक एकच वाक्य घेऊन येतात, मॅडम ह्याची व्होकॅब्युलरी लई कच्ची आहे, तेवढे शब्द पाठ करून घ्या. मी काय करते, त्या पोराला तिथंच बसवून एक पॅसेज देते आणि सांगते, जे शब्द अजिबात कळले नाहीत त्यांच्याखाली रेघ मार आणि मग खालचे प्रश्न सोडव. बहुतेक वेळा अख्ख्या पॅसेजमध्ये पाच-सहा शब्दांखाली रेघ येते आणि प्रश्न मात्र निम्म्याहून जास्त चुकतात. मग आम्ही चुकलेला एकेक प्रश्न घेऊन बघतो, आणि त्या रेघ मारलेल्या शब्दांचा त्या प्रश्नाशी काही संबंधच नसतो. म्हणजे शब्द येत होते, वाक्य वाचता येत होतं, तरी उत्तर चुकलं.

हे मी इतक्या पोरांच्या बाबतीत बघितलंय की आता ठामपणे सांगते, अडचण इंग्रजीच्या आधी वाचण्याची आहे. समोरचा माणूस काय म्हणतोय ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सवयच लावलेली नाही कुणी ह्या पोरांना. मग स्वतःच्या मनात असलेलं ती पॅसेजच्या तोंडी घालतात.

यंदा हे लिहायला बसले कारण विचारणारे फार वाढलेत. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरात सुरू झालं, वकिलांनी आणि लोकांनी इतकी वर्षं लावून धरलेली मागणी पुरी झाली, आणि तेव्हापासनं ज्या घरात कधी कोर्टाचा विषय नव्हता त्या घरातली पोरंपण विचारायला लागलीत की मॅडम क्लॅट काय असते. चांगलंच आहे. क्लॅट म्हणजे नॅशनल लॉ युनिव्हर्सिटींची प्रवेश परीक्षा. राज्याच्या लॉ सीईटीचा पेपर मराठीतनंही देता येतो, पण क्लॅट पूर्ण इंग्रजीत, आणि 2020 पासून तिचा पॅटर्न असा आहे की सगळा पेपरच पॅसेजवर. इंग्रजीचा सेक्शन तर आहेच, 22 ते 26 प्रश्नांचा, पण लीगल रीझनिंग पॅसेजवर, लॉजिकल पॅसेजवर, चालू घडामोडीसुद्धा पॅसेजवर. 120 प्रश्न, 120 मिनिटं, एक चूक झाली की पाव मार्क गेला. एकेक पॅसेज साधारण 450 शब्दांचा धरा, असे वीसेक पॅसेज आले तर दोन तासांत नऊ हजार शब्द वाचून त्यावर विचार करायचाय. त्यामुळं कॉम्प्रिहेन्शन हा क्लॅटचा एक भाग आहे असं समजू नका, क्लॅट म्हणजेच कॉम्प्रिहेन्शन.

बाकीच्या परीक्षांचं थोडक्यात सांगते. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशाची सीयूईटी 2022 मध्ये सुरू झाली, तिच्या इंग्रजीच्या पेपरला 2025 च्या पॅटर्नप्रमाणे 50 प्रश्न आणि 60 मिनिटं, बरोबरला 5 मार्क आणि चुकलं तर 1 वजा. बीबीए-बीसीएसाठी राज्याची सीईटी 2024 पासून आली, तिच्यात 100 पैकी 40 प्रश्न इंग्रजीचे असतात. म्हणजे वकील व्हायचं नसलं तरी सुटका नाही.

आता बोर्डाकडं येते. बारावीच्या पेपरातला उतारा आठवा, ए-वनपासून ए-सिक्सपर्यंत अॅक्टिव्हिटी, आधी चूक की बरोबर, मग चौकटी भरा, वेब पूर्ण करा, आणि ए-फोरला पर्सनल रिस्पॉन्स, म्हणजे तुझं मत लिही. ह्यात वाईट काही नाही, पोरानं मत मांडावं ही चांगलीच गोष्ट आहे. पण वर्षानुवर्षं ह्यातनं दोन सवयी पक्क्या होतात. एक म्हणजे प्रश्नातला शब्द पॅसेजमध्ये शोधायचा आणि ते वाक्य जसंच्या तसं उचलायचं. दुसरी म्हणजे विषय ओळखीचा दिसला की आपल्याला माहीत असलेलं लिहून टाकायचं. बोर्डात ह्या दोन्हीला मार्क मिळतात, आणि एन्ट्रन्सला चुकीचे ऑप्शन ह्याच दोन सवयींवर नेम धरून तयार केलेले असतात.

उदाहरण दिल्याशिवाय हे कळणार नाही, म्हणून मी माझ्या पोरांसाठी लिहिलेला एक पॅसेज सांगते. तो इंग्रजीत आहे, इथं मराठीत त्याचा सारांश देते. लेखक म्हणतो, नदीकाठी पूरभिंत बांधली की लहान पूर अडतात हे खरं. त्यामुळं लोकांना वाटतं आता भीती नाही. मग पूर्वी जिथं कुणी घर बांधलं नसतं तिथं वस्ती वाढते, दुकानं येतात, जागेचे भाव चढतात. एका गावात तर भिंतीनंतर नदीच्या बाजूला अख्खी नवी वसाहत उभी राहिली. पुढं एखाद्या वर्षी भिंतीच्याही वर जाणारा मोठा पूर येतो आणि नुकसान पूर्वीपेक्षा जास्त होतं. म्हणून भिंत बांधली तरी नदीकाठच्या बांधकामावरचे नियम ढिले करू नयेत. बस, एवढंच.

प्रश्न पहिला, लेखकाचं मुख्य म्हणणं काय? ऑप्शन असे: अ, पूरभिंती बांधूच नयेत. ब, भिंतीमुळं लोक निर्धास्त होतात म्हणून नुसत्या भिंतीवर भिस्त ठेवू नये. क, धरणातलं पाणी वेळेवर सोडलं नाही की पूर वाढतो. ड, एका गावात भिंतीनंतर नदीकडेला नवी वसाहत झाली.

निम्मी पोरं क लिहितात. का लिहितात हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. ह्या पोरांनी 2019 चा पूर बघितलाय, 2021 चा बघितलाय, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका हे त्यांना पाढ्यासारखं पाठ आहे, आणि ऑगस्टमध्ये घराघरात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाशिवाय दुसरा विषय नसतो. पूर शब्द वाचला की त्यांच्या डोक्यात धरण येणारच. गेल्या बॅचला एक शिरोळकडचा मुलगा होता, क वर ठाम, त्याला म्हटलं हे कुठल्या ओळीत आहे, बोट ठेव. तो वरनं खाली गेला, परत वर आला, आणि म्हणाला, पण मॅडम हे खरं आहे की. मी म्हटलं, असेल रे खरं, त्यावर आपण तासभर बोलू, पण ह्या माणसानं ते म्हटलंय का? पॅसेजमध्ये धरण हा शब्दच नाही. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग स्वतःच म्हणाला, मी ह्याचं वाचलंच नाही, मी माझंच वाचलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, कारण हे एकदा ज्याला उमजलं त्याला बाकीचं शिकवणं सोपं असतं.

उरलेल्या ऑप्शनचंही बघून घ्या. ड मधलं वाक्य पॅसेजमध्ये आहे, अगदी तसंच आहे, म्हणून बोर्डाची सवय असलेलं पोर तिकडं ओढलं जातं, पण ते फक्त उदाहरण आहे, लेखकानं ते दुसरी गोष्ट पटवायला दिलंय. अ ची दिशा बरोबर वाटते पण ते टोकाला गेलंय, भिंती नकोत असं तो कुठंच म्हणत नाही, उलट लहान पूर अडतात हे पहिल्याच ओळीत कबूल करतो. राहिला ब, त्याच्यात पॅसेजमधला एकही झगझगीत शब्द नाही म्हणून तो फिका दिसतो, आणि तोच बरोबर आहे. तुम्ही कुठलाही मॉक, म्हणजे सराव पेपर, घ्या, चुकीचे ऑप्शन जास्त करून ह्या तीन घरातलेच निघतात, बाहेरनं आणलेला, अर्धाच भाग पकडणारा, टोकाला नेलेला. चौथा एक असतो, उलटा, जिथं बाकी सगळं बरोबर आणि एक नकार घुसवलेला असतो, घाईत तो दिसत नाही.

माझ्याकडं नवीन आलेल्या पोरांना पहिले काही दिवस मी इंग्रजी देतच नाही. मराठी पेपरातला अग्रलेख देते. वाचा, पालथा घाला, आणि लेखकाचं म्हणणं एका वाक्यात सांगा. पालकांना हे पटत नाही, इंग्रजीच्या क्लासला मराठी कशाला म्हणून विचारतात, पण एकदा समोर बसून ऐका म्हणजे कळेल. पोरगं म्हणतं, हा ऊसदराबद्दल आहे. बरं, ऊसदराबद्दल काय म्हणतोय? म्हणजे दराबद्दल आहे, शेतकऱ्यांबद्दल. अरे पण दर वाढवा म्हणतोय, का कारखान्यांची बाजू घेतोय, का सरकारनं मधे पडावं म्हणतोय? तिथं गाडी अडते. घरचं पोट उसावर असलेली, मराठीतच शिकलेली हुशार पोरं विषय सांगतात आणि म्हणणं सांगू शकत नाहीत. मग इंग्रजीत ती कुठनं सांगणार? आणि हे मराठीत जमायला लागलं की इंग्रजीत निम्मं काम आपोआप होतं, हा माझा अनुभव आहे, कारण कसब तेच आहे, फक्त भाषा बदलते.

मग इंग्रजी पॅसेज. प्रत्येक परिच्छेदाच्या शेजारी मार्जिनमध्ये तीन-चार शब्दांत लिहायचं की इथं लेखकानं काय केलं, आणि हे मराठीत लिहायचं, बिनधास्त. 'लोकांचा समज', 'पण तो चूक', 'उदाहरण', 'मग काय करावं'. इंग्रजीत विचार करा असं जे पोरांना दरडावून सांगतात त्यांचं मला पटत नाही, सतरा वर्षांच्या पोराला आधी नीट विचार करू दे, कुठल्या भाषेत करतो ते नंतर बघू. हाऊएव्हर, ऑल्दो, यट दिसलं की गोल करायचा, कारण लेखक तिथं वळतो आणि पॅसेजचं खरं म्हणणं बऱ्याचदा वळणानंतर असतं.

उत्तर निवडलं की बोट ठेवायचं. ओळ दाखवता आली नाही तर उत्तर घ्यायचं नाही. इन्फरन्सच्या, म्हणजे थेट लिहिलेलं नाही पण लिहिलेल्यावरनं काय निघतं अशा प्रश्नालासुद्धा कुठल्या ओळींवरनं हे निघतं ते दाखवायचंच. आणि चुकलेल्या प्रश्नांची एक वेगळी वही, तिच्यात बरोबर उत्तर लिहून काही उपयोग नाही, आपण कुठल्या घरातल्या ऑप्शनला फसलो ते लिहायचं. महिनाभरात पोरांना आपला स्वभाव दिसतो. कुणी कायम टोकाचं निवडतं, कुणी कायम उदाहरणात अडकतं. घड्याळ ह्यानंतर लावायचं. पहिल्या दिवसापासनं टायमर लावून दहा-दहा पॅसेज उडवणारी पोरं चुकीची सवयच वेगानं पक्की करत असतात.

वाचायला काय घ्यायचं म्हणाल तर फक्त संपादकीय पानावर थांबू नका. क्लॅटमध्ये कथा-कादंबरीतले उतारेही येतात आणि तिथं पात्राला काय वाटतंय, सांगण्याचा सूर कसा आहे असलं विचारतात, त्याला तयारी म्हणजे गोष्टी वाचणं एवढीच. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासनं आपल्या गावात उभं आहे, पोरांना घेऊन जा, दोन-चार इंग्रजी गोष्टींची पुस्तकं घरी आणा, रात्री दहा पानं वाचू देत. शब्द तिथंच भेटतात आणि लक्षात राहतात, कारण ते कुणीतरी कुणालातरी म्हटलेले असतात.

एक गोष्ट मात्र मनाला लागलीय ती लिहिते. माझ्याकडं येणाऱ्या एका कागलच्या मुलीला एका क्लासमध्ये अॅडमिशनच्या वेळीच सांगितलं की मराठी मीडियम म्हणजे तुला क्लॅट जड जाईल, आणि हातात तीन हजार शब्दांची यादी दिली. नाव घेत नाही. ती पोरगी रोज एसटीत बसून ती यादी घोकत यायची आणि मॉकचे मार्क तिथल्या तिथं. शब्द पाठ होते, ते कशासाठी वापरलेत ते विचारायला कुणी शिकवलं नव्हतं. अशी यादी देऊन पोराला आशा लावणं आणि मग मार्क आले नाहीत की मीडियमवर ढकलणं, हे मला अन्यायाचं वाटतं. ती आता यादी बाजूला ठेवून एका दिवसात फक्त दोन पॅसेज करते, बोट ठेवून करते, आणि तिची अर्ध्या भागाला फसायची सवय बरीच कमी झालीय.

सीयूईटीवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा की ती परीक्षा कॉम्प्युटरवर असते, स्क्रीनवर रेघ मारता येत नाही, म्हणून मार्जिनमधले तीन-चार शब्द रफ कागदावर लिहायची प्रॅक्टिस आधीपासनं करा, आणि मॉक मोबाईलवर न देता मोठ्या स्क्रीनवर द्या, घरात नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये विचारा. क्लॅट कागदावर असते, त्यांनी जुने पेपर ती परीक्षा घेणाऱ्या कन्सॉर्टियमच्या साइटवरनं घेऊन प्रिंट काढाव्यात. 2020 च्या आधीचे घेऊ नका, तो पॅटर्न वेगळा होता. ज्यांना पूरभिंतीचा तो पॅसेज इंग्रजीत हवाय त्यांनी सांगा, पाचही प्रश्नांसकट पाठवते.