एका कोर्सची तयारी: एमएल, इमॅक्स आणि तीन दिवसांचा पाथ

बीसीएस झालं तेव्हा मला सी, सी++ आणि जावा या तीन भाषा येत होत्या. तिन्हींचं सिंटॅक्स, म्हणजे लिहिण्याचे नियम, पाठ होतं. पण एक भाषा दुसरीपेक्षा वेगळी का वागते, असं कुणी विचारलं असतं तर मी गप्प बसले असते. ते नीट शिकायचं म्हणून मी सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचा ‘प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस’ हा कोर्स घेतला. प्रा. डॅन ग्रॉसमन तिथे वर्गात शिकवायचे त्या विषयाचं हे ऑनलाइन रूप, २०१३ पासून कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवर असलेलं.

कोर्सचे तीन भाग आहेत आणि प्रत्येकाची भाषा वेगळी: स्टँडर्ड एमएल (पुढे नुसतं एमएल; मशीन लर्निंग नव्हे), रॅकेट, रुबी. नोकरीच्या जाहिरातीत यातली पहिली दोन नावं मी कधी पाहिली नव्हती. पण निवडीमागचं कारण समजलं आणि पटलं. चार घरांचा चौकोन डोळ्यांपुढे आणा. आडवं फंक्शनल (प्रोग्रॅम फंक्शनांनी बांधायचा) की ऑब्जेक्ट ओरिएंटेड (ऑब्जेक्टांनी बांधायचा); उभं, टाइप, म्हणजे संख्या, मजकूर अशी माहितीची जात, प्रोग्रॅम चालण्याआधी तपासायची की चालताना. एमएल एका घरात, रॅकेट दुसऱ्यात, रुबी तिसऱ्यात. चौथं घर जावाचं, आणि ते मला आधीच माहीत होतं. तीन भाषा शिकून अख्खा चौकोन हातात येणार होता.

पहिल्या आठवड्याचं मोठं काम म्हणजे सगळं इन्स्टॉल करणं. इमॅक्स हा कोड लिहायचा एडिटर, त्याला एमएल समजावं म्हणून त्यात घालायची जोड म्हणजे मोड, आणि लिहिलेला कोड चालवणारा ‘स्टँडर्ड एमएल ऑफ न्यू जर्सी’ हा कंपायलर. एमएल ही भाषा १९७०च्या दशकात एडिनबरोला रॉबिन मिल्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रमेयं सिद्ध करण्याच्या कामासाठी घडवली. या कंपायलरच्या नावात न्यू जर्सी आलं, कारण तो बेल लॅब्ज आणि प्रिन्स्टनमध्ये तयार झाला आणि ही दोन्ही ठिकाणं त्याच राज्यातली.

माझ्याकडे दादाचा जुना विंडोजचा लॅपटॉप होता. इमॅक्स सक्तीचा नव्हता, पण मी तोच घेतला आणि आजही मला ते बरोबर वाटतं. त्याच्या सूचनांत ‘सी’ म्हणजे कंट्रोल आणि ‘एम’ म्हणजे मेटा, आपल्या कीबोर्डवर ऑल्ट. कंट्रोल-एक्सने इथे काही कट होत नाही. त्यापुढे कंट्रोल-एस दाबलं की फाइल सेव्ह होते. अडकलात तर कंट्रोल-जी. कंट्रोल-एच आणि मग टी दाबलं की इमॅक्स स्वतःच स्वतःचा वापर शिकवतो. मी दोन दिवस फक्त तेवढंच केलं. नवीन माणसाने हे दोन दिवस जरूर द्यावेत, पुढे खूप वेळ वाचतो.

मग एमएल टाकलं, इमॅक्सच्या पॅकेजांच्या यादीतून एमएलचा मोड घेतला, इमॅक्समध्येच एमएल सुरू करायला कंट्रोल-सी कंट्रोल-एस दाबलं, एंटर दाबलं, आणि उत्तर आलं की अशी फाइल सापडत नाही.

एमएल काढलं, परत टाकलं. तेच. दुसऱ्या दिवशी परत काढलं, परत टाकलं. तरीही तेच. मग विंडोजची काळी कमांडची खिडकी उघडून तिथे एमएलचं नाव टाइप केलं, तर ते लगेच सुरू झालं! त्याच लॅपटॉपवर, त्याच वेळी, एका खिडकीत आहे आणि दुसरीत नाही.

दादा चाकणला मेंटेनन्सला आहे. रात्री फोनवर त्याला सगळं सांगितलं. त्याला इमॅक्स माहीत नाही, पण त्याने विचारलं, “अगं, ते पहिलं सॉफ्टवेअर मधे बंद केलं होतंस का?”

नव्हतं केलं. मी रोज लॅपटॉपचं झाकण मिटत होते आणि सकाळी उघडत होते. इमॅक्स तिसऱ्या दिवशीही तोच चालू होता, एमएल येण्याच्या आधी उघडलेला.

बंद करण्याआधी मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. इमॅक्समध्ये ऑल्ट-एक्स करून गेटएन्व्ह ही कमांड चालवली आणि तिला पाथ विचारला. कमांडच्या खिडकीतही पाथ विचारला. दोन्ही वहीत उतरवून घेतले. पाथ म्हणजे फोल्डरांची यादी. नाव दिलं की यंत्रणा एकेक फोल्डर क्रमाने बघते आणि जिथे पहिल्यांदा सापडेल तिथलं चालवते. कमांडच्या खिडकीच्या यादीत एमएलचं फोल्डर होतं, इमॅक्सच्या यादीत नव्हतं. प्रोग्रॅम सुरू होताना त्या वेळच्या यादीची प्रत घेतो आणि शेवटपर्यंत तीच वापरतो. नंतर बाहेर काय बदललं ते त्याला कळत नाही.

इमॅक्स बंद करून उघडला. पुन्हा तेच बटण. या वेळी न्यू जर्सीचं नाव असलेली ओळ आली, आणि खाली एक छोटी आडवी रेघ, माझी वाट बघत. तीन अधिक चार लिहून अर्धविराम दिला. सात आले, आणि शेजारी कोलन देऊन त्याचा टाइप: इंट, म्हणजे पूर्णांक. मी टाइप कुठेच लिहिला नव्हता. आईला उठवून दाखवावंसं वाटलं इतका आनंद झाला.

दोन गोष्टी सांगून ठेवते. ऋण संख्येला एमएलमध्ये नेहमीचं वजाचं चिन्ह चालत नाही, ~ लागतं. कीबोर्डवर डावीकडे वर, एकच्या शेजारी. आणि फाइल बदलली की चालू सेशनमध्येच, म्हणजे आधीच सुरू असलेल्या एमएलमध्येच, ती परत लोड करू नका, आधी सेशन बंद करा. मी एका फंक्शनचं नाव बदललं होतं आणि एका ठिकाणी जुनंच नाव राहून गेलं होतं. जुनी व्याख्या सेशनमध्ये शिल्लक असल्यामुळे सगळं बिनबोभाट चाललं. नव्या सेशनमध्ये तेच नाव अनोळखी ठरलं.

रॅकेट आणि रुबी बऱ्याच नंतर टाकल्या, दोन्ही एकाच संध्याकाळी. रॅकेटबरोबर डॉक्टररॅकेट हा त्याचाच एडिटर येतो.

पुढे क्लोजरचा धडा आला. फंक्शन जिथे लिहिलं तिथली नावं आणि त्यांचे अर्थ ते सोबत घेऊन जातं, आणि कुठूनही बोलावलं तरी तेच अर्थ वापरतं. नंतर बाहेर त्याच नावाला दुसरा अर्थ दिला तरी त्याला फरक पडत नाही. हे वाक्य ऐकून मी व्हिडिओ थांबवला, वही मागे उलटली आणि पाथच्या त्या दोन याद्यांचं पान काढलं. त्याच पानावर, इमॅक्सच्या यादीखाली, मी क्लोजरची व्याख्या लिहून घेतली.