तोक्यो ते ताकामात्सु: वाडग्यातलं सूप बदलत जातं

मी पुण्यात जपानी दुभाषी म्हणून काम करते. कंपनीच्या लोकांबरोबर जपानला जाणं होतं तेव्हा सकाळी एका गावात कारखाना, दुपारी दुसऱ्या गावात मीटिंग असा दिवस असतो. जेवायला वेळ मिळतो तो दोन गाड्यांच्या मधला, आणि तो मी स्टेशनवरच्या उभ्यानं खायच्या नूडल्सच्या दुकानात घालवते. दाराशी मशीन असतं. नाणी टाकायची, बटण दाबायचं, तिकीट काउंटरवर ठेवायचं आणि सोबा (कुट्टूच्या पिठाच्या बारीक नूडल्स) की उदोन (गव्हाच्या जाड नूडल्स) एवढं सांगायचं. मिनिट-दोन मिनिटांत वाफाळता वाडगा समोर येतो. शेजारी ऑफिसला निघालेले लोक मान खाली घालून सुर्र सुर्र ओढत असतात, पाच मिनिटांत खाऊन निघूनही जातात. एकटी बाई जेवायला आली आहे याची कुणी दखलही घेत नाही. जगात फार कमी ठिकाणी मला इतकं निवांतपणे एकटीनं जेवता आलं आहे.

नूडल्स सगळीकडे जवळपास सारख्याच दिसतात. आपण कुठे आलो आहोत ते सांगतं सूप. तोक्योत ते गडद, जवळजवळ काळपट असतं, कारण तिथे सोयासॉस गडद वापरतात आणि दाशीत, म्हणजे सुपाच्या मूळ पाण्यात, वाळवलेल्या बोनितो माशाचा जोर असतो. पश्चिमेकडे ओसाकाला उतरलात की सूप इतकं नितळ होतं की वाडग्याचा तळ दिसतो. तिथला सोयासॉस रंगानं फिकट, पण चवीला जास्त खारट, आणि दाशीत कोन्बु हे समुद्री शेवाळ पुढे. हे कोन्बु येतं उत्तरेच्या होक्काइदोहून. जुन्या काळी मालवाहू जहाजं जपानच्या पश्चिम किनाऱ्यानं ते ओसाकापर्यंत आणत, त्यामुळे ते तिथल्या स्वयंपाकात मुरलं. ही चवीची सीमा सेकिगाहाराच्या आसपास आहे असं म्हणतात. तिथेच 1600 साली पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या सरदारांची मोठी लढाई झाली होती. निस्सिन कंपनीचं ‘दोनबेइ’ नावाचं कपातलं उदोनसुद्धा पूर्वेसाठी वेगळं आणि पश्चिमेसाठी वेगळं बनतं. कपावर बारीक अक्षरात ‘ई’ किंवा ‘डब्ल्यू’ छापलेलं असतं, मी ते दुकानात शोधून बघतेच.

पण माझा जीव अडकला आहे तो आणखी पुढे, शिकोकु बेटावरच्या कागावात. ओकायामाला शिन्कान्सेनमधून, म्हणजे बुलेट ट्रेनमधून, उतरायचं, मरीन लायनर ही गाडी पकडायची, आणि समुद्रावरचा सेतो पूल ओलांडून तासाभरात कागावाचं मुख्य शहर ताकामात्सु. हा पूल 1988 साली झाला. त्याआधी ही वाट बोटीची होती आणि बोटीच्या डेकवर उदोन मिळायचं. गावी परतणारी माणसं बोट सुटताच आधी तिथे धावायची, असं जुने लोक अजून सांगतात.

कागावा हा जपानमधला सगळ्यात लहान प्रांत. पाऊस कमी, नद्या आखूड, म्हणून शेतीसाठी जागोजाग तळी खोदलेली. त्यातलं मान्नो नावाचं मोठं तळं 821 साली कूकाई या भिक्षूनं दुरुस्त करवून घेतलं. त्यानंच चीनहून उदोनची विद्या आणली अशी दंतकथा आहे, आणि लोक ती फार प्रेमानं सांगतात. भाताला पाणी पुरायचं नाही, पण गहू चांगला यायचा. जवळच समुद्राचं मीठ, शोदो बेटावरचा सोयासॉस आणि इबुकि बेटावरचे वाळवलेले बारीक मासे, म्हणजे इरिको. उदोनला लागणारं सगळं हाताशी. आज पीठ बरंचसं ऑस्ट्रेलियाच्या गव्हाचं असतं, पण कणीक मळायची रीत तीच. मळलेला गोळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पायांनी तुडवतात. मग जो चिवटपणा येतो त्याला तोड नाही.

हे इरिको कोकणातल्या मांदेलीच्या जातकुळीतलेच. मी रत्नागिरीची. ताकामात्सुच्या पहिल्याच दुकानात शिरले आणि त्या उकळत्या दाशीच्या वासानं मला थेट आजीच्या माळ्यावरच्या सुक्या मासळीच्या डब्यापाशी नेऊन सोडलं. तोक्योच्या दाशीनं मला असं कधी केलं नाही.

तिथल्या सेल्फ-सर्व्हिस दुकानात ट्रे घ्यायचा आणि नूडल्सचा एक गोळा की दोन ते सांगायचं. काही दुकानांत गोळा जाळीत घालून गरम पाण्यात आपणच हलवायचा आणि दाशीही तोटीतून आपणच घ्यायची. वर कांद्याची पात, किसलेलं आलं, तळणीतला कुरकुरीत चुरा. हवं तर रताळ्याचा किंवा कमळकाकडीचा तेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेला काप. काउंटरवरच्या काकू विचारतात, ‘‘गरम की गार?’’ माझं ठरलेलं उत्तर ‘हिया-अत्सु’: नूडल्स गार, दाशी गरम. गार पाण्यात धुतलेली नूडल दाताला टणक लागते आणि दाशीचा वास जात नाही. लहान वाडगा तीनशे येनच्या आसपास. पुण्यात एवढ्या पैशांत कॅफेतली कॉफीसुद्धा येत नाही.

रामेन या तिसऱ्या प्रकारच्या नूडल्सबद्दल विचाराल तर दक्षिणेकडच्या हाकाताचं डुकराच्या हाडांचं सूप मला जड जातं, तरी तिथली ‘काएदामा’ची पद्धत आवडते. नूडल्स फार बारीक, लगेच मऊ पडतात, म्हणून थोड्या वाढतात आणि संपल्या की त्याच सुपात दुसरा गोळा मागायचा. नागानोला गेलात तर गार सोबा खा, शेवटी ज्या पाण्यात सोबा उकडला ते पाणी उरलेल्या सॉसमध्ये ओतून प्या.

शाकाहारी मंडळींना मात्र स्पष्ट सांगते. वर मांस नसलं तरी दाशीत मासा असतोच, आणि गार सोब्याच्या सॉसमध्येही तीच दाशी असते. ‘निकु नाशि’, म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही. तोक्यो स्टेशनच्या आत, तिकिटाच्या गेटपलीकडे, केइयो लाईनच्या बाजूला ‘टीज तानतान’ हे पूर्ण व्हीगन रामेनचं दुकान आहे. माझ्याबरोबरच्या शाकाहारी इंजिनिअरांना मी तिथेच नेते, आणि तिळाचं सूप ते शेवटच्या थेंबापर्यंत पितात.

मासे खाणारे असाल तर ताकामात्सुला सकाळी लवकर पोचा. चांगली दुकानं गोळे संपले की बंद होतात, दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी शटर खाली आलेलं असतं.