तुम्ही विचारलंत म्हणून: कोणतं पिकअप घेऊ?

"गिटार हाताला छान बसते, पण आवाज आवडत नाही. कोणतं पिकअप घेऊ?" इलेक्ट्रिक गिटारमधल्या पिकअपबद्दल, म्हणजे तारांची कंपनं टिपून अॅम्पकडे (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राकडे) पाठवणाऱ्या भागाबद्दल, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. विचारणाऱ्याला एका कंपनीचं नाव हवं असतं. मी आधी उलटा प्रश्न करतो: आहे त्या पिकअपचे स्क्रू फिरवून पाहिलेत का?

हा टाळण्याचा प्रकार नाही. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. पण ते कुठे बसलंय, तारांपासून किती दूर आहे आणि पुढे कोणत्या पॉटला (आवाज आणि टोनच्या बटणाखालच्या बदलत्या रोधाला) जोडलंय, यावर आवाजाचा फार मोठा भाग ठरतो. यातलं काही तपासायचं नाही आणि नवा सेट मागवायचा, ही मला उधळपट्टी वाटते.

उंचीपासूनच सुरू करा. शेवटच्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून धरा आणि पिकअपच्या पोलपासून, म्हणजे तारेखालच्या धातूच्या खुंट्यापासून, तारेपर्यंतचं अंतर मोजा. २ मिलिमीटरच्या आसपास ठेवून सुरुवात करावी, जाड तारांकडे थोडं जास्त. जवळ आणलं की आवाज मोठा होतो, म्हणून लोक पिकअप वर वर चढवत जातात. सिंगल कॉइलमध्ये, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपमध्ये, बहुधा पोल स्वतःच चुंबक असतात. ते जाड तारेला ओढू लागले की वरच्या फ्रेटवर सूर हेलकावे खातो, एकाच तारेवर दोन बेसूर स्वर वाजल्यासारखं वाटतं. दोष मात्र ब्रिजला, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात त्या भागाला, दिला जातो. पिकअप थोडं खाली उतरवा आणि पुन्हा ऐका.

जागा मात्र तुमच्या हातात नसते, ती लाकडात कोरलेली असते. ब्रिजजवळ तार कमी हलते आणि तिथे वरचे हार्मोनिक (मूळ सुरासोबतचे उंच उपस्वर) ठळक ऐकू येतात, म्हणून आवाज धारदार. नेककडे, म्हणजे दांड्याकडे, तार मोकळी हलते, आवाज भरीव होतो. त्यामुळेच सेटमधल्या ब्रिजच्या पिकअपला बहुधा जास्त वेढे देतात. तेच उचलून नेकला लावलं तर आवाज गढूळ होण्याचीच शक्यता जास्त. २४ फ्रेटच्या गिटारमध्ये नेकचं पिकअप ब्रिजकडे सरकलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्याच्या २१ फ्रेटच्या गिटारवर ऐकलेला नेकचा गोल आवाज तेच पिकअप घेऊनही हुबेहूब मिळत नाही.

आता जाहिरातीतला आकडा. जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलचा रोध साधारण ६ किलोओहम असतो. कुणी १२ वाला दाखवला की तो दुप्पट जोरकस, असा समज होतो. पण वेढ्यांसाठी ४२ गेजऐवजी ४३ गेजची तार घेतली की तितक्याच वेढ्यांत रोध वाढतो, कारण तार बारीक. त्यामुळे तार आणि चुंबक सारखे असतील तरच हा आकडा तुलनेला घ्यावा. हमबकर, म्हणजे हम (घूं घूं) घालवणारं दोन वेटोळ्यांचं पिकअप, घेताना तारा पोलच्या वर याव्यात म्हणून पोलमधलं अंतर मात्र जरूर बघा: काहींत दोन टोकांच्या पोलमध्ये ५० मिलिमीटरच्या आत, काहींत ५२च्या पुढे.

जोडणीत सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पॉट. रूढ पद्धत अशी की सिंगल कॉइलला २५० किलोओहम, हमबकरला ५००. पॉटचा रोध कमी तितकी ट्रेबलची धार बसते. सिंगल कॉइलसाठी बनलेल्या गिटारमध्ये हमबकर टाकलं आणि आवाज कांबळं पांघरल्यासारखा आला, तर आधी पॉट तपासा. टोनच्या बटणाला जोडलेल्या कपॅसिटरवर लोक तासन्‌तास वाद घालतात. टोनचं बटण पूर्ण उघडं ठेवणाऱ्याला त्याचा फारसा फरक पडत नाही.

हमबकरमधून निघणाऱ्या चार वायरींचे रंग सगळीकडे सारखे नसतात. सेमूर डंकन कंपनीच्या पिकअपमध्ये काळी हॉट (आवाजाचा संकेत नेणारी), हिरवी ग्राउंडला (सर्किटच्या सामाईक परतीच्या टोकाला), लाल आणि पांढरी एकमेकींना जोडायच्या. डिमार्झिओ कंपनीच्या पिकअपमध्ये लाल हॉट, हिरवी ग्राउंडला, काळी-पांढरी एकत्र. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावू नका. आवरण नसलेली उघडी वायर दोन्हींत ग्राउंडला जाते, आणि ब्रिजकडून येणारी ग्राउंडची वायर तोडून टाकायची नाही.

जोडणी झाली की गिटारच्या तारा चढवण्याआधी गिटार अॅम्पला लावा आणि प्रत्येक पोलवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करा. स्विच ज्या पिकअपवर आहे, तेच बोललं पाहिजे.

तारा चढवल्यावर दोन्ही पिकअप एकत्र वाजवा. आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा येत असेल तर फेज उलटा आहे, म्हणजे दोन पिकअपचे संकेत एकमेकांना कापताहेत. दोन वायरींच्या पिकअपमध्ये हॉट आणि ग्राउंडची अदलाबदल केली की काम होतं. पण धातूचं कव्हर ग्राउंडच्या वायरला जोडलेलं असेल तर आधी ते सुटं करून वेगळं ग्राउंड करा, नाहीतर कव्हरच हॉट होऊन बसतं आणि हात लागला की घूं घूं सुरू. स्ट्रॅटमध्ये (फेंडरच्या तीन पिकअपच्या गिटारमध्ये) फक्त मधलं पिकअप बदलणार असाल, तर त्याचे वेढे आणि चुंबक दोन्ही शेजारच्या पिकअपच्या उलट आहेत का, हे विक्रेत्याला विचारून घ्या. तसं नसेल तर दोन पिकअप एकत्र लावल्यावर जो हम जातो, तो जाणार नाही.