गोम नव्हे, चपटी वाणी!
आज ओल्या पाल्याचा थर बाजूला केला तर खाली चपट्या पाठीची वाणी (मिलिपीड), गोमेसारखाच पुष्कळ पायांचा जीव. तपकिरी अंग, कडा पिवळसर. किती देखणी असते ही! लोक गोम समजून चिरडतात, त्याचं फार वाईट वाटतं.

पाय बघा. गोमेच्या दर वलयाला एकच जोडी, हिच्या बहुतेक वलयांना दोन. वलयं साधारण 20, आणि त्यांच्या कडा दोन्ही बाजूंना पट्टीसारख्या बाहेर आलेल्या, म्हणून पाठ सपाट दिसते. या अंगामुळेच कुजक्या पानांच्या थरांत, ओंडक्याच्या सालीखाली ती सहज शिरते. डोळे नसतातच. आज मिशांनी एकेक पान चाचपत चालली होती, बघतच राहिले.

चावत नाही. पण डिवचलं तर बऱ्याच जाती हायड्रोजन सायनाइड हे विष सोडतात, कडू बदामासारखा वास येतो. हाताळलीत तर हात धुवा.